वरीलप्रमाणे

मला बसवत नाही. आई म्हणते हा दोष आहे, बायको म्हणते हा आजार आहे आणि माझं स्वतःचं मत असं की हा कामसू माणसाचा स्वभाव आहे. मी चहा उभ्याने पितो. वर्तमानपत्र ओट्याला टेकून वाचतो. फोनवर बोलताना तर घरातल्या घरात इतका चालतो, की खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी एकदा वर येऊन अत्यंत सभ्य शब्दांत विचारलं होतं, "आपण एखादं जनावर वगैरे पाळलंय का?" तेव्हा इमारतीच्या बैठकीत "हे काम कोण करेल?" असा प्रश्न आला आणि माझा हात वर गेला, यात माझी काही चूक नव्हती. माझा हात मुळात खाली राहतच नाही.

प्रश्न बाकाचा होता. आमच्या इमारतीच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला एक लाकडी बाक आहे आणि उजव्या हाताला सायकलस्टँड. लोकांची पार्सलं जिन्यात पडून राहतात, कोणाचं कोण उचलून नेतं, परवा मुख्याध्यापकांच्या घरी केस सरळ करायचं यंत्र आलं आणि त्यांच्या डोक्यावर केस नाहीत. म्हणून कुलपाचे कप्पे असलेलं मोठं कपाट आणायचं ठरलं. आता ते ठेवायला जागा हवी, म्हणजे बाक तरी काढा नाहीतर सायकलस्टँड तरी.

आमचे अध्यक्ष दंतवैद्य आहेत. दाढ उपटण्याआधी ते ज्या आवाजात "काही नाही, किंचित जाणवेल" म्हणतात, नेमक्या त्याच आवाजात ते म्हणाले, "दोन्हीपैकी एक काढू. कोणतं ते भावनेवर नको, आकड्यांवर ठरवू. प्रत्येक घराने कोण काय कधी वापरतं ते लिहून द्यायचं. त्याचा एक डॅशबोर्ड करायचा, म्हणजे पडद्यावर आकड्यांच्या पट्ट्या. ज्याचा वापर कमी, ते जाईल."

आमच्या बैठका त्या बाकाभोवतीच होतात. आई बाकावर तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. तिचा हात बाकाच्या कडेवरून सावकाश फिरत राहिला. तिच्या गुडघ्यांना कोपऱ्यावरच्या बागेपर्यंतचं अंतर झेपत नाही. लिफ्टने खाली यायचं, चार पावलं टाकायची आणि बाकावर बसायचं, एवढंच तिचं बाहेरचं जग उरलंय. बाक गेला तर आई घरातच राहणार, हे मला कळत होतं.

म्हणून मी हात वर केला. "डॅशबोर्ड मी करतो. त्यात काय आहे? एका संध्याकाळचं काम."

बायकोने माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर नळ मी स्वतः दुरुस्त करतो म्हणालो होतो, तेव्हाही तिने असंच बघितलं होतं.

तक्ता आखला विमावाल्यांनी. विमावाले म्हणजे आमच्या समोरच्या दारातले शेजारी. त्यांना कोणीही काहीही विचारलेलं नसलं तरी त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. जिन्याखालच्या खोलीत समितीचा एक जुना संगणक आहे, त्यावर त्यांनी शीट बनवली. पहिल्या कॉलममध्ये घर क्रमांक, दुसऱ्यात सदस्य, पुढे सकाळी, दुपारी, संध्याकाळी असे तीन. प्रत्येक घराने घर क्रमांक एकदाच वरच्या ओळीत लिहायचा आणि खाली एकेका ओळीत स्वतः, पत्नी, मुलगा, आई असं लिहीत जायचं. कोण काय वापरतं ते ज्या त्या चौकोनात टाकायचं. दिसायला तक्ता फार सुंदर होता. घर क्रमांकांना त्यांनी पिवळा रंगसुद्धा दिला होता.

त्या संगणकावर मराठी टंकायचं म्हणजे दिव्य आहे. 'सायकल' लिहायला जावं तर वेलांटी कुठून तरी येऊन बसते. पहिलं घर मुख्याध्यापकांचं, त्यांनी पूर्ण वाक्यांत, विरामचिन्हांसकट माहिती भरली. दुसऱ्या घरातले ती बघूनच दमले आणि त्यांनी एक सोपा मार्ग काढला. आमच्या समितीची इतिवृत्तं पिढ्यान् पिढ्या एकाच साच्यात लिहिली जातात. एका बैठकीचं नीट लिहायचं आणि पुढच्या सगळ्यांत उपस्थिती 'वरीलप्रमाणे', विषय 'वरीलप्रमाणे', ठराव 'वरीलप्रमाणे'. तो शब्द त्याच संगणकात तयार होता. त्यांनी तो तिथून उचलून तक्त्यात चिकटवला. त्यांचं बघून तिसऱ्याने, तिसऱ्याचं बघून चौथ्याने. इमारतीने दोन आठवडे मन लावून तक्ता भरला आणि निम्म्याहून जास्त चौकोनांत एकच शब्द भरला.

मीही माझ्या घराचं भरलं. घाईत होतो, मागे मुख्याध्यापक पाळीची वाट बघत उभे होते, त्यांना आपल्या उत्तरात एक स्वल्पविराम घालायचा राहिला होता. 'स्वतः'समोर मी सकाळी पार्किंग, संध्याकाळी पार्किंग लिहिलं, खालच्या दोन ओळींत तो शब्द चिकटवला आणि उठलो. उठलो म्हणजे वाकलो होतो तो सरळ झालो.

शनिवारी दुपारी मी फाईल पेनड्राइव्हवर घरी आणायला जिन्याखाली गेलो, तर विमावाले माझ्या आधी तिथे.

"आधी सॉर्ट मारा," ते म्हणाले.

"कशाला?"

"सॉर्ट मारल्याशिवाय काही कळत नाही. सगळ्या आया एकत्र, सगळी मुलं एकत्र. मग नुसतं मोजायचं. आमच्या कंपनीत सकाळी आल्यावर पहिलं सॉर्ट मारतात, मग चहा."

आता हा माणूस विमा विकतो. संकट येणार हे त्याला आधी कळायला हवं. पण तो इतक्या खात्रीने बोलत होता की मी सदस्याच्या कॉलमवर बोट ठेवलं, सॉर्ट मारला आणि समाधानाने सेव्ह करून टाकला. अक्षरांच्या क्रमाने 'आई' सगळ्यांत वर आली. इमारतीतल्या सगळ्या आया एकाखाली एक, रांगेने, शिस्तीत उभ्या होत्या, आणि पहिल्याच आईसमोर तिन्ही वेळांना लिहिलं होतं, 'वरीलप्रमाणे'. तिच्या वर शीर्षकाची ओळ होती. म्हणजे ती आई सकाळी 'सकाळी' वापरत होती, दुपारी 'दुपारी' आणि संध्याकाळी 'संध्याकाळी'.

मी खाली बघितलं. दुसरी आई पहिलीप्रमाणे, तिसरी दुसरीप्रमाणे. घर क्रमांक तर फक्त प्रत्येक घराच्या पहिल्या ओळीत होता, म्हणजे 'स्वतः'समोर. त्यामुळे सगळे 'स्वतः' आपापलं घर घेऊन तळाशी सुखात बसले होते आणि बाकी सगळ्या बायका, मुलं, म्हातारी माणसं बेघर झाली होती. कोणाची आई कोणाची, कोणाचा मुलगा कोणाचा, काही पत्ता नाही. पिवळा रंग मात्र जागच्या जागी राहिला होता.

"हे परत आधीसारखं करा," मी म्हणालो.

"आता नाही होत. तुम्ही सेव्ह केलंत ना?" विमावाले म्हणाले आणि त्यांना अचानक आठवलं की त्यांच्याकडे पाहुणे यायचे आहेत.

घरी आलो तेव्हा बायको दुकानातून नुकतीच परतली होती. ती औषधांच्या दुकानात काम करते, दिवसभर चिठ्ठ्या आणि गोळ्या मोजते, त्यामुळे मोजण्याच्या बाबतीत तिच्या मनात कोणाविषयीही दयामाया नाही. मी तिला शीट दाखवली. तिने पर्ससुद्धा खाली न ठेवता ती वाचली.

"वरीलप्रमाणे म्हणजे कोणाप्रमाणे?"

"वरच्याप्रमाणे."

"वर कोण होतं?"

"तेच तर गेलं."

"मग विचारून या घरोघरी," ती म्हणाली. "आणि अहो, हे असं आडवं चालणार नाही. एका चौकोनात काय लिहिलंय बघा, बाक, गच्ची आणि कधीकधी सायकल. हे मोजणार कसं? आमच्याकडे एका ओळीत तीन औषधं लिहून आली तर मी तीन ओळी करते. एक ओळ, एक माणूस, एक वेळ, एक जागा. तक्ता उभा करा आधी."

"मला माहीत होतं ते," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं. पण नवऱ्याने काही गोष्टी माहीत असल्यासारख्या ऐकायच्या असतात, नाहीतर घरात मान राहत नाही.

तर मी पाटीला कागद अडकवून घरोघरी निघालो. कोणाच्या दारात जाऊन "तुमच्या आई सकाळी कुठे असतात?" असं विचारण्याने माणसाची काय पत राहते, हे मी सांगत नाही. पहिल्याच दारात मुख्याध्यापकांनी मला आत घेतलं, समोर उभं केलं आणि म्हणाले, "मी माझी माहिती व्यवस्थित दिली होती. ती तुम्ही हरवलीत?"

"हरवली नाही सर. विस्कटली."

"कारण?"

इतक्या वर्षांनी मला पुन्हा कोणी कारण विचारत होतं आणि माझे हात आपोआप मागे गेले. मी विमावाल्यांचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. "दुसऱ्याचं बघून लिहिलं की असंच होतं," ते म्हणाले आणि मला त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, शब्द सुटू नये म्हणून सावकाश.

दुसऱ्या दारात एका गृहस्थांना वाटलं मी काहीतरी विकायला आलोय. तिसऱ्या घरी सासू-सुनेत 'संध्याकाळी गच्चीवर कोण जातं' यावरून जुनं प्रकरण निघालं. सासूबाई म्हणाल्या, "लिहा, मी जाते." सून म्हणाली, "लिहा, त्या मी गेले की बघायला येतात." मी दोघींनाही गच्ची दिली आणि चप्पल हातात घेऊन बाहेर पडलो. सगळ्यांत वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दार किलकिलं करून म्हणाले, "मी कधी कुठे बसतो हे समितीला कशाला हवंय? उद्या विचाराल काय विचार करतो." मी म्हटलं, "तसा कॉलम नाही." ते म्हणाले, "सध्या नाही." आणि दार लावून घेतलं.

विमावाल्यांकडे पाहुणे आलेले नव्हते. त्यांनी मला नवीन सल्ला दिला, की लोकांना विचारत बसण्यापेक्षा सरासरी काढून भरून टाका. मी त्यांच्या घरातल्या चौघांची माहिती घेतली. त्यांचा मुलगा सायकल चालवतो हे सांगताना ते उगीचच दोनदा म्हणाले, "तिन्ही वेळा. तिन्ही वेळा लिहा." तेव्हा मला कळलं की या प्रकरणात आपण एकटेच पक्ष घेऊन उभे नाही.

पुढचा सगळा आठवडा ऑफिसातून आलो की मी शीटसमोर उभा. जेवणाच्या टेबलावर डबे रचून त्यावर लॅपटॉप, आणि मी त्याच्यासमोर या पायावरून त्या पायावर. आई खालून वर आली की विचारायची, "झालं का रे?"

"होतंय."

"बस जरा. बसून केलं तर लवकर होईल."

"बसलो तर झोप येते."

 पण बाकाचं काय होणार हे ती एकदाही विचारायची नाही, आणि ती विचारत नाही म्हणून माझा जीव जास्तच टांगणीला लागायचा. मी मध्येच उठून, म्हणजे मध्येच चालायला लागून, गॅलरीत जायचो आणि खाली सायकलस्टँडमध्ये किती सायकली आहेत ते मोजायचो. त्यांतल्या निम्म्या कोणीच वापरत नाही. त्यांची चाकं जमिनीला चिकटलीयेत. पण त्यांचे मालक कागदावर रोज सायकल फिरवत होते.

तक्ता उभा करायची एक आज्ञा असते. ती एकदाची सापडली आणि दाबली, तर आडवे पसरलेले सगळे चौकोन एका झटक्यात एकाखाली एक होऊन बसले. मी आनंदाने बायकोला हाक मारली. ती बघून म्हणाली, "एकेका ओळीत अजून दोन दोन जागा आहेत." ते तोडले. मग मोजले आणि डॅशबोर्डवर रंगीत पट्ट्या काढल्या. नेमके तेव्हाच दंतवैद्य प्रगती बघायला वर आले होते. सर्वांत उंच पट्टी होती 'रिकामे'. ज्या ज्या चौकोनात कोणी काही लिहिलं नव्हतं, त्या सगळ्यांची यंत्राने इमानदारीने एकेक ओळ करून ठेवली होती.

दंतवैद्यांनी पट्टीवर बोट ठेवलं. "हे रिकामे म्हणजे नेमकं कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "सगळे तिथेच असतात असं दिसतंय. कपाट तिथे ठेवता येईल का?"

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते दात बघावेत तशा एकाग्रतेने ऐकलं आणि म्हणाले, "मग ते काढून टाका. किंचित जाणवेल, पण काढून टाका." ते गेल्यावर मी रिकाम्या ओळी काढल्या. मग लक्षात आलं की बाक एक नाहीच. कोणी बाक लिहिलंय, कोणी बाकडं, कोणी बेंच, मुख्याध्यापकांनी 'प्रवेशद्वारालगतचे आसन'. एकाच बाकाच्या चार बारीक पट्ट्या झाल्या होत्या आणि सायकलस्टँडची एक जाडजूड. त्या चार पट्ट्या एक केल्या तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. त्या संध्याकाळी मी चहाचे दोन घोट जवळपास बसून घेतले. बैठकीत सगळ्यांसमोर उघडायचंय म्हणून तो निकाल मी मात्र मुद्दाम नीट बघितला नाही. खरं सांगायचं तर बघवला नाही.

रविवारी सकाळी बैठक. मुख्याध्यापकांच्या खिडकीतून वायर बाहेर काढली, माझ्या घरचा टीव्ही खाली आणून दोन खुर्च्यांवर उभा केला आणि समोर सगळी इमारत. बाकावर आई. तिच्या शेजारी तिच्या दोन मैत्रिणी. मी टीव्हीच्या बाजूला हातात माऊस घेऊन, अर्थातच उभा.

पट्ट्या वर आल्या. सायकलस्टँड बाकापेक्षा दोनने पुढे होता.

फक्त दोनने. मी पुन्हा बघितलं.  एवढा आठवडाभर घरोघरी फिरलो, वरच्या मजल्याच्या गृहस्थांकडून दाराच्या फटीतून माहिती काढली, एकाच्या तीन ओळी केल्या आणि शेवटी आईचा बाक मीच रंगीत पट्ट्या लावून उचलून दिला.

"स्पष्ट आहे," दंतवैद्य म्हणाले. "बाक—"

"एक मिनिट," विमावाले उठून म्हणाले. सायकल जिंकतेय म्हटल्यावर ते उदार झाले होते. "नंतर कोणी शंका काढायला नको. एकेक घर उघडून दाखवा. पारदर्शक काम हवं. चला, करणाऱ्याच्या घरापासून सुरुवात करा."

मी माझ्या घराच्या क्रमांकावर माऊस दाबला. मुख्याध्यापकांना वाचून दाखवायची सवय. त्यांनी मोठ्याने वाचलं. "स्वतः, सकाळी पार्किंग, संध्याकाळी पार्किंग. पत्नी, सकाळी पार्किंग, संध्याकाळी पार्किंग. आई." ते थांबले, चष्मा वर केला. "आई, सकाळी पार्किंग. संध्याकाळी पार्किंग."

इमारतीतली सगळी डोकी टीव्हीवरून वळली आणि बाकाकडे गेली.

मी सगळ्यांच्या घरी गेलो होतो. माझ्या घरी गेलो नव्हतो. आपल्याच घरात काय विचारायचं? माझी ओळ होती आणि तिच्याखाली दोन ओळींत वरीलप्रमाणे, तेवढं एक मला विनाचूक आठवत होतं. मी मोठ्या काळजीने माझीच माहिती खाली ओढून भरली होती.

"वहिनी, आपण गाडी चालवता?" मुख्याध्यापकांनी आदराने विचारलं.

"चालवते की," आई म्हणाली. "किल्ली तेवढी अजून कोणी दिली नाही."

"मलाही गाडी आहे म्हणे," बायको मागून म्हणाली. "रोज चालत जाते मी दुकानात. उगीचच."

हशा पिकला. माझे कान इतके तापले की टीव्हीची वायर काढून तिथे लावता आली असती. मी म्हणालो, "दुरुस्ती करतो. आई सकाळ-संध्याकाळ बाकावरच असते. सगळ्यांना माहीत आहे."

दंतवैद्य खिन्नपणे हसले. "माहीत आहे, पण तक्त्यात नाही. नोंदी बंद झाल्यावर दुरुस्ती करायची तर लेखी अर्ज लागतो. सदस्याच्या सहीचा. सचिवांकडे. आणि सचिव गावी गेलेत."

"अहो, त्या समोर बसल्यात!" बायको म्हणाली.

"बसल्यात हे मी वैयक्तिकरीत्या बघतोय," दंतवैद्य म्हणाले. "समिती म्हणून मला ते दिसत नाही."

यावर जे झालं त्याचं सगळं श्रेय मुख्याध्यापकांना. ते उठले आणि वर्गावर आल्यासारखे म्हणाले, "समितीला दिसत नसेल तर समितीने पुढे येऊन बघावं."  मग दंतवैद्य खरोखरच चार पावलं चालत बाकापर्यंत गेले, आईसमोर वाकले, रुग्णाचं तोंड बघावं तसं तिच्याकडे बघितलं आणि परत येऊन म्हणाले, "बसल्या आहेत. प्रत्यक्ष पाहणी नोंदवा."

मी नोंदवलं. सकाळी बाक. संध्याकाळी बाक. बाकाची पट्टी दोनने वर सरकली. बाक आणि सायकलस्टँड अगदी सारखे झाले.

"बरोबरी झाली तर अध्यक्षांचं मत," विमावाल्यांनी लगेच सांगितलं. त्यांना सगळे नियम पाठ असतात. दंतवैद्यांनी खिशात हात घातले. त्यांची मुलगी सायकलवरून शाळेत जाते, त्यामुळे त्यांचं मत कुठे पडणार हे सांगायला डॅशबोर्ड लागत नव्हता. मी या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर.

"दुपारचं राहिलं की," आई म्हणाली.

मी म्हणालो, "आई, दुपारी तू झोपतेस."

"कोण म्हणालं?"

कोणीच म्हणालं नव्हतं. मीच धरून चाललो होतो. दुपारी मी ऑफिसात असतो.

"दुपारी तू कामावर, ही दुकानात," आई म्हणाली. ती तक्रार करत नव्हती, भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं तसं सांगत होती. "घर खायला उठतं रे. मग येते खाली. तेव्हा या दोघीही नसतात. पण कोणी ना कोणी आत येतं, बाहेर जातं. पोस्टाचा माणूस आला की दोन शब्द बोलतो. दुपारचीच तर जास्त बसते मी."

  माझी आई दिवसाचे तीन प्रहर कुठे असते हे मी इमारतीभर फिरून विचारत होतो आणि ते मला टीव्हीसमोर, विमावाल्यांच्या साक्षीने कळत होतं. मला फार वाईट वाटलं आणि ते लपवायला मी माऊसकडे बघत राहिलो. दुपारसमोर 'बाक' लिहिलं. त्या जागी आधी काही नव्हतं, ती ओळ मी 'रिकामे' म्हणून स्वतःच्या हाताने काढून टाकली होती.

बाकाची पट्टी एकाने वर गेली. दंतवैद्यांनी खिशातून हात काढले. "आकडे स्पष्ट आहेत," ते म्हणाले. "सायकलस्टँड मागे न्या."

विमावाल्यांनी निकाल खेळाडू वृत्तीने घेतला आणि जाता जाता मला सांगितलं की टीव्ही नेताना आडवा धरू नका. कपाट आलं, सायकली मागच्या भिंतीला गेल्या, त्यांतल्या कित्येक जागच्या हलेनात तेव्हा कळलं की त्या कधीच्याच सोडून दिलेल्या होत्या. पण दंतवैद्य दाढ काढल्यावरही परत तपासायला बोलावणारे आहेत. त्यांनी ठराव केला की बाकाचा वापर खरंच होतो का, हे महिनाभर शीटमध्ये रोजच्या रोज नोंदवायचं. नोंद मी ठेवायची. त्या शीटमध्ये एक ओळ, एक माणूस, एक वेळ, एक जागा, आणि वर ठळक अक्षरांत सूचना टाकली, 'वरीलप्रमाणे' लिहू नये.

पहिल्या दिवशी मी ऑफिसातून जरा लवकर निघालो. आई बाकावर एकटीच होती, मैत्रिणी यायच्या होत्या. मी तिच्यासमोर उभा राहून फोनवर शीट उघडली.

"काय लिहितोस?"

"तुझं. आई, संध्याकाळी, बाक."

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"मग बस जरा."

मी बसलो. बाक जुना आहे, मध्ये थोडा खचलाय, तिच्या बाजूला जास्त. दारातून एक माणूस पार्सल घेऊन आला, आईने त्याला कप्पा दाखवला, तो हसून गेला. लिफ्ट खाली आली, वर गेली. मी पाय हलवत होतो तो कधी थांबला मला कळलं नाही. 

"तुझीपण नोंद करावी लागेल आता," आई म्हणाली. "समितीला दिसणार नाही नाहीतर."

मी फोन पुन्हा काढला. आईच्या ओळीखाली नवीन ओळ घेतली, 'स्वतः' लिहिलं आणि माझ्याच ठळक सूचनेखाली, पहिल्यांदाच नीट विचार करून लिहिलं, वरीलप्रमाणे.